घरातील जुने सैनिकी बिल्ले : ओळख, नोंद आणि जतन
(इतिहास व परिसर-अभ्यास : इयत्ता ५ वी ते ७ वी)

प्रास्ताविक

रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळ घरांत माळ्यावर किंवा फडताळात एखादी जुनी पत्र्याची पेटी असते. तीत खाकी कापडाचा तुकडा, पट्ट्याचे पितळी बक्कल, मनीऑर्डरच्या पावत्या आणि क्वचित एखादा रंगीत कापडी बिल्ला सापडतो. पेटी कोणाची हे घरातील वडीलधाऱ्या माणसांस ठाऊक असते. परंतु तो बिल्ला कशाचा हे बहुधा कोणासच सांगता येत नाही. ‘आजोबा लढाईत होते’ एवढेच वाक्य पिढ्यांमागून पिढ्या चालत येते. लढाई कोणती, देश कोणता, पलटण कोणती, यांचा विसर पडलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या पिढीतील माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत. ज्यांनी ती पाहिली व त्यांच्या तोंडून हकीकती ऐकल्या, ती मुले-नातवंडेही आता वृद्ध झाली आहेत. म्हणून या वस्तूंची ओळख आत्ताच करून ठेवणे अगत्याचे आहे. प्रस्तुत पाठाचा हेतू असा की, विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील वस्तूकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहावे, तिच्यावरून काय सिद्ध होते व काय होत नाही याचा विवेक करावा आणि ती नीट जतन करावी.

जिल्हा आणि लष्करी नोकरी

डोंगराळ जमीन, तुटपुंजी शेती आणि मोठी कुटुंबे यांमुळे कोकणातील तरुण फार पूर्वीपासून घराबाहेर पडत आला. कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी बोटीवर, तर कोणी पलटणीत. या जिल्ह्याच्या सैनिकी परंपरेचे तीन मुख्य प्रवाह आहेत.

पहिला प्रवाह मराठा पलटणींचा. त्यांतील सर्वांत जुनी ‘जंगी पलटण’ १७६८ साली उभारली गेली. १९२२ च्या पुनर्रचनेत जुन्या पलटणी एकत्र करून ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ ही रेजिमेंट बनविण्यात आली. तिच्या बटालियनचा उल्लेख ‘१/५’, ‘३/५’, ‘४/५’ असा अपूर्णांकासारखा करीत. वरचा आकडा बटालियनचा आणि खालचा रेजिमेंटचा. रेजिमेंटचे केंद्र बेळगाव येथे आहे.

दुसरा प्रवाह महार सैनिकांचा. मुंबई सरकारच्या लष्करात महार शिपायांनी दीर्घकाळ सेवा केली, आणि दापोलीची छावणी ही अशा अनेक निवृत्त सैनिकांची वस्ती होती. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते. १८९० नंतरच्या दशकात महारांची लष्करभरती बंद करण्यात आली. दापोली येथे राहणारे निवृत्त सैनिक गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभारली गेली. युद्धानंतर ती मोडण्यात आली. पुढे ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. यामुळे महार सैनिकाच्या घरातील बिल्ला हा एका व्यक्तीच्या नोकरीची खूण तर असतोच, शिवाय बंद केलेले दार पुन्हा उघडून घेतल्याचा तो पुरावाही असतो.

तिसरा प्रवाह दर्यावर्दी लोकांचा. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रॉयल इंडियन नेव्हीतील खलाशांची भरती मोठ्या प्रमाणात रत्नागिरी जिल्ह्यातून, विशेषतः कोकणी मुसलमान समाजातून होत असे. त्यामुळे खाडीकाठच्या गावांतील पेट्यांत नौदलाच्या खुणा सापडणे साहजिक आहे.

बिल्ल्यांचे प्रकार

सैनिकाच्या गणवेशावर कापडाच्या अनेक खुणा असत. प्रत्येकीचे काम निराळे असे. ओळख पटविताना पहिला प्रश्न ‘हा बिल्ला कोणता?’ असा न विचारता ‘हा बिल्ला अंगावर कोठे लावीत?’ असा विचारावा. जागा कळली की प्रकार कळतो.

(१) दर्जाच्या फिती. टोक खाली असलेल्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या या पट्ट्या दंडावर शिवीत. एक फीत लान्स नाईकाची, दोन नाईकाच्या आणि तीन हवालदाराच्या. जमादार व सुभेदार यांच्या खांद्यावर तारे असत. जमादारास एक, सुभेदारास दोन. जमादार हा हुद्दा १९६५ पासून ‘नायब सुभेदार’ या नावाने ओळखला जातो.

(२) खांद्यावरील नावपट्टी. हिच्यावर रेजिमेंटचे नाव किंवा त्याची आद्याक्षरे असतात. पूर्वी ही पट्टी पितळेची असे. युद्धकाळात कापडाची पट्टीही वापरात आली.

(३) डिव्हिजनचा बिल्ला. हा बाहीच्या वरच्या भागी, खांद्याखाली लावीत. त्यावर बहुधा अक्षरे नसून प्राणी, शस्त्र किंवा एखादी आकृती असते. शत्रूला तुकडीचे नाव कळू नये, परंतु आपल्या माणसांना ती ओळखता यावी, असा या चिन्हांचा उपयोग होता. भारतीय डिव्हिजनांचे असे कापडी बिल्ले मुख्यत्वे दुसऱ्या महायुद्धापासूनचे आहेत.

(४) पदकांच्या फिती. छातीवर डाव्या बाजूस लावलेल्या या रंगीत पट्ट्या म्हणजे पदकांच्या खुणा होत. पदक हरवले तरी फीत पुष्कळदा उरते. तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा असे सारख्या रुंदीचे पट्टे असले तर ती ‘इटली स्टार’ची फीत समजावी. मध्ये रुंद तांबडा पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या गडद निळ्यात एकेक नारिंगी रेघ असली तर ती ‘बर्मा स्टार’ची. गडद निळा, तांबडा व फिकट निळा असे तीन सारखे पट्टे ‘१९३९–४५ स्टार’चे असतात.

(५) नौदलाच्या खुणा. डाव्या दंडावर एक नांगर असल्यास तो लीडिंग सीमन या दर्जाचा. एकमेकांवर ठेवलेले दोन नांगर व वर मुकुट असल्यास पेटी ऑफिसरचा. उजव्या दंडावरील चिन्ह कामाची शाखा दाखविते. पंख व विजेची रेघ हे बिनतारी संदेश पाठविणाऱ्याचे चिन्ह होय.

पलटणीचा मुख्य बिल्ला डोक्यावरील टोपीस किंवा फेट्यास लावीत. तो बहुधा धातूचा असतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर रणशिंग आढळते. महार रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. रेजिमेंट १९४६ मध्ये मशीनगन रेजिमेंट झाल्यावर बिल्ल्यावर मशीनगनी आल्या आणि पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. एकाच रेजिमेंटच्या बिल्ल्यात झालेल्या अशा बदलांवरून वस्तूचा काळ ठरविता येतो.

काळ ठरविण्याच्या खुणा

मुकुट व सिंहमुद्रा : बिल्ल्यावर राजमुकुट असल्यास तो २६ जानेवारी १९५० पूर्वीच्या पद्धतीचा. अशोकस्तंभावरील सिंह असल्यास त्यानंतरचा.

नावाचे लेखन : स्वातंत्र्यापूर्वी मराठा रेजिमेंटचे नाव इंग्रजीत ‘एम, ए, एच, आर, ए, टी, टी, ए’ असे, म्हणजे मधला ‘एच’ आधी व दोन ‘टी’ घालून लिहीत. स्वातंत्र्यानंतर ते आज रूढ असलेल्या ‘मराठा’ उच्चाराप्रमाणे लिहिले जाऊ लागले.

आकडा : नावापूर्वी ‘५’ हा आकडा असल्यास वस्तू १९२२ ते १९४५ या काळातील मानण्यास हरकत नाही. १०३, ११०, ११७ असे तीन अंकी आकडे असल्यास ती त्याआधीची, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेची.

जहाजाचे नाव : खलाशाच्या टोपीच्या फितीवर ‘एच. एम. आय. एस.’ ही अक्षरे असल्यास ती प्रजासत्ताकापूर्वीची. ‘आय. एन. एस.’ असल्यास १९५० नंतरची.

डिव्हिजनची काही चिन्हे

काळ्या चौकोनावर तांबडा गरुड : ४ थी भारतीय डिव्हिजन.
काळ्या चौकोनावर तांबडा गोल : ५ वी डिव्हिजन.
काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी बाण : ७ वी डिव्हिजन.
तांबड्यावर पिवळी क्लोव्हरची पाने : ८ वी डिव्हिजन.
काळे मांजर : १७ वी डिव्हिजन.
तांबड्यावर खंजीर धरलेला पिवळा हात : १९ वी डिव्हिजन.
पिवळ्या वर्तुळात तांबडा झुंजार कोंबडा : २३ वी डिव्हिजन.
हिरव्यावर पत्त्यांतील इस्पिकाचा काळा एक्का : २५ वी डिव्हिजन.
तांबडी ढाल, तीवर टोक खाली असलेली तलवार व मुठीवर रोमन अंकात चौदा : ब्रह्मदेशात लढलेली १४ वी आर्मी.

यांपैकी काहींचा मराठा बटालियनांशी निकटचा संबंध आहे. ३/५ मराठा ही बटालियन ५ व्या डिव्हिजनमधून १९४१ साली एरिट्रियातील केरेनच्या लढाईत होती. १/५ मराठा ही बटालियन इटलीत ८ व्या डिव्हिजनमध्ये होती. याच बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दाखविलेल्या शौर्याबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यापूर्वी १० जुलै १९४४ रोजी इटलीतच ३/५ मराठाचे नाईक यशवंत घाडगे यांनी तोच सन्मान मरणोत्तर मिळविला. ते शेजारच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे होते.

एका बिल्ल्याचे वाचन

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने कोंबड्याचे चित्र असलेला बिल्ला शाळेत आणला. घरात त्यास ‘आजोबांच्या खेळाचा बिल्ला’ म्हणत असतील. शिक्षकांनी त्याचे वाचन पायरीपायरीने करून दाखवावे.

प्रथम बिल्ला उलटा करून पाहावा. मागील कडेला सुईची भोके किंवा खाकी दोऱ्याचे तुकडे असल्यास तो गणवेशावर प्रत्यक्ष शिवलेला होता. चित्र कसे काढले आहे ते पाहावे : छापलेले, विणलेले की भरतकामाने भरलेले? त्यानंतर रंग नोंदवावेत. ऊन न लागलेल्या मागील बाजूचे रंग अधिक विश्वसनीय असतात. पिवळे वर्तुळ व तांबडा कोंबडा असल्यास बिल्ला २३ व्या डिव्हिजनचा आहे.

ही डिव्हिजन १९४२ साली उभारली गेली. तिच्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये ४/५ आणि ६/५ या दोन मराठा बटालियन होत्या. म्हणजे कोकणातील घरात कोंबडा सापडणे हा योगायोग नव्हे. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य मणिपुरात घुसले तेव्हा ४/५ मराठा ही बटालियन उखरुलजवळील सांगशाक येथे ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर लढली. पाणी व दारूगोळा अपुरा असताना त्या टेकडीवरील सैनिकांनी अनेक दिवस शत्रूस अडवून धरले. त्यामुळे कोहिमा व इंफाळच्या संरक्षणास मोलाचा अवधी मिळाला.

परंतु कोंबड्याची कथा येथे संपत नाही. युद्ध संपल्यावर हीच डिव्हिजन मलायात व तेथून जावा बेटावर पाठविण्यात आली. इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले होते. ऑक्टोबर १९४५ च्या अखेरीस ४९ वी ब्रिगेड सुराबाया बंदरात उतरली आणि तेथील स्वातंत्र्यवाद्यांशी तिची भीषण लढाई झाली. ब्रिगेडचे प्रमुख मॅलबी तेथेच मारले गेले आणि अनेक भारतीय सैनिकही पडले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाच्या सैनिकांना दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्याविरुद्ध उभे केले गेले. भारतातील राष्ट्रीय नेत्यांनी त्याचा निषेधही केला होता.

म्हणजे एकाच कोंबड्याच्या बिल्ल्यामागे स्वदेशाच्या सीमेवरील बचाव आणि परक्या भूमीवरील तो दुःखद प्रसंग, असे दोन्ही असू शकतात. आजोबा दोन्ही ठिकाणी होते की एकाच, हे बिल्ला सांगत नाही. घरी परत आल्यावर ते लढाईविषयी कधी बोलत का नसत, या प्रश्नाचे उत्तर मात्र अशा माहितीतून कुटुंबास कधी कधी उमगते. विद्यार्थ्यांपुढे केवळ पहिली गोष्ट ठेवून दुसरी लपवू नये. सैनिकाचे धैर्य आणि त्याला धाडणाऱ्या सरकारचे धोरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाचवीतील मुलांसही समजते.

बिल्ला काय सांगत नाही

बिल्ला तुकडीची ओळख देतो, माणसाची नव्हे. डिव्हिजनमध्ये हजारो लोक असत. त्यांत बंदूकधारी शिपायाप्रमाणे स्वयंपाकी, मोटारचालक, धोबी, कारकून आणि दवाखान्यातील सेवकही तोच बिल्ला लावीत. म्हणून बिल्ला सापडला एवढ्यावरून ‘अमुक लढाईत शौर्य गाजविले’ असे लिहू नये. त्याचप्रमाणे आजोबा स्वयंपाकी होते असे निष्पन्न झाल्यास मुलास खंत वाटू देऊ नये. आघाडीवर भाकरी पोचविणाऱ्यावाचून कोणतीही पलटण एक आठवडाही उभी राहिली नसती.

दुसरे असे की, स्वातंत्र्यानंतर नव्याने उभारलेल्या काही डिव्हिजनांनी जुनीच चिन्हे स्वीकारली, तर काहींची चिन्हे अखंड चालत आली. त्यामुळे गरुड, इस्पिकाचा एक्का किंवा कोंबडा असलेला बिल्ला आजोबांचा नसून स्वातंत्र्यानंतर सैन्यात गेलेल्या काकांचाही असू शकेल.

तिसरे, प्रत्येक कापडी बिल्ला सैनिकी नसतो. बालवीर, १९४८ साली स्थापन झालेले राष्ट्रीय छात्रसेना दल, होमगार्ड, रुग्णवाहिका पथके, रेल्वे व गिरण्यांचे पहारेकरी यांचेही बिल्ले असतात. सैनिक एकमेकांशी बिल्ल्यांची अदलाबदल करीत, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून बिल्ल्यास दुसऱ्या पुराव्याची जोड हवी. सेवामुक्तीचा दाखला, पेन्शनचे कागद, जुनी पत्रे, छायाचित्रे, मनीऑर्डरच्या पावत्या यांवर सैनिकाचा नंबर व पलटण आढळते. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर नाव, नंबर व पलटण कोरलेली असते. ती पदकाच्या कडेवर किंवा पाठीमागे पाहावी. नंबर मिळाल्यास कुटुंबाने रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे मार्गदर्शन घ्यावे किंवा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयास पत्र लिहावे. मराठा रेजिमेंटचे केंद्र बेळगावी, तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. जो सैनिक परत आलाच नाही, त्याचे नाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवह्यांत शोधता येते. इटलीत फोर्ली येथे, ब्रह्मदेशात रंगूनजवळ टाउक्यान येथे व आपल्याकडे इंफाळ येथे भारतीय सैनिकांची स्मारके आहेत. ज्या घरात मृत्यूच्या तारेपलीकडे काहीच आले नाही, त्या घरास आपल्या माणसाचे नाव कोठे कोरलेले आहे हे कळणे ही लहान गोष्ट नव्हे.

नौदलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईस ‘तलवार’ या संदेशवहन-शिक्षणाच्या केंद्रात खलाशांचा उठाव सुरू झाला. त्यानंतर अनेकांस नोकरीतून काढून टाकण्यात आले. पेटीच्या तळाशी दडवलेली नौदलाची खूण आणि अचानक तुटलेली नोकरी असे एकत्र आढळल्यास, त्या खलाशाची १९४६ ची हकीकत घरी आदराने विचारावी. मात्र उठावात भाग घेतल्याचा निष्कर्ष कागदपत्रावाचून काढू नये.

जतन

कोकणातील दमट हवा ही कापडाची मोठी शत्रू आहे. पुढील पथ्ये पाळावीत.

१. बिल्ला धुऊ नये. तांबडा रंग सुटून सर्व कापडावर पसरतो. धूळ मऊ कुंचल्याने हलकेच झाडावी.
२. गणवेशावर शिवलेला बिल्ला उसवू नये. जागा हाच अर्धा पुरावा आहे.
३. डिंक, चिकटपट्टी, टाचणी व इस्त्री यांचा उपयोग करू नये. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद करू नये. ओल धरून बुरशी येते.
४. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीच्या कापडात सपाट गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावा. पावसाळ्यानंतर डबा उघडून सावलीत हवा द्यावी.
५. डांबराच्या गोळ्या कापडास टेकू देऊ नयेत.
६. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत व शेजारी मोजपट्टी ठेवावी.
७. विकत मागणाऱ्यास घाईने देऊ नये. पेटीतून वेगळा झालेला बिल्ला कोणाचा हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

वर्गातील कार्य

मूळ वस्तू शाळेत आणण्याची सक्ती करू नये. छायाचित्र किंवा रंगीत चित्र पुरे. वस्तू आणली तर त्याच दिवशी पालकांच्या हाती परत जाईल अशी दक्षता शिक्षकांनी घ्यावी. ज्या मुलांच्या घरी सैनिकी वस्तू नाही त्यांनी बोटीवरचा, गिरणीतील, टपाल किंवा एस. टी. खात्यातील बिल्ला अभ्यासास घ्यावा. पद्धत तीच राहील. घरात मृत्यूची आठवण ताजी असल्यास प्रश्न विचारण्याचा आग्रह धरू नये.

प्रत्येक विद्यार्थ्याने एका कागदावर पुढील नोंद करावी : वस्तू कोणाची, कोठे सापडली, आकार व मापे, पुढील व मागील बाजूचे रंग, चित्र अथवा अक्षरे, शिवल्याच्या खुणा, घरात सांगितली जाणारी हकीकत, सांगणाऱ्याचे नाते व वय, जोडीस मिळालेले कागद. शेवटी दोन रकाने करावेत. एकात ‘निश्चित कळलेले’ आणि दुसऱ्यात ‘अजून शोधावयाचे’ असे लिहावे. दुसरा रकाना मोठा राहिला तरी त्यास कमी गुण देऊ नयेत. कागदाची एक प्रत पेटीतच ठेवावी, म्हणजे पुढील पिढीस पुन्हा आरंभापासून शोध करावा लागणार नाही.

महाराष्ट्रातील अनेक गावांत १९१४–१९१९ च्या महायुद्धास किती माणसे गेली व किती परत आली नाहीत हे सांगणारी शिला बसविलेली आहे. आपल्या परिसरात अशी शिला असल्यास वर्गाने ती पाहून यावे. शिलेवर फक्त संख्या असते. त्या संख्येतील एखाद्या माणसाचे नाव, गाव व पलटण पुन्हा जोडून देणे हे शाळेच्या हातून होऊ शकणारे काम आहे.

स्वाध्याय

१. बिल्ल्यावर राजमुकुट आहे की सिंहमुद्रा, यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो?
२. ‘४/५ मराठा’ या लेखनाचा अर्थ सांगा.
३. कोंबड्याच्या बिल्ल्यावरून कोणत्या प्रदेशांची नावे पुढे येतात? ती नकाशात दाखवा.
४. बिल्ला असूनही सैनिक प्रत्यक्ष लढाईत होता असे का म्हणता येत नाही? दोन कारणे द्या.
५. गणवेशावरील बिल्ला उसवला असता कोणता पुरावा नाहीसा होतो?
६. घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीस विचारून तुमच्या वाडीतून सैन्यात अथवा नौदलात गेलेल्यांची यादी करा. प्रत्येक नावापुढे माहिती सांगणाऱ्याचे नाते लिहा.